खेळाडूंच्या बाजारातील मुहूर्त

१ सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी ७ वाजता इंग्लंडमधील फुटबॉल खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपली, तेव्हा लिव्हरपूल क्लबच्या पदरात एक विक्रम आणि एक निराशा अशा दोन्ही गोष्टी पडल्या होत्या. न्यूकॅसलचा आघाडीचा खेळाडू अलेक्झांडर इसाक त्यांनी साडेबारा कोटी पौंड मोजून मिळविला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबने तोवर एका खेळाडूसाठी एवढी किंमत दिलेली नव्हती. त्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार मार्क गेही याच्यासाठीचा सुमारे साडेतीन कोटी पौंडांचा सौदा मात्र वैद्यकीय तपासणीपर्यंत येऊन फिसकटला. गेहीच्या जागी ज्याला घ्यावयाचे तो बचावपटू पॅलेसच्या हाती शेवटच्या तासांत लागला नाही, आणि त्यांनी विक्रीच रद्द केली. विशेष हे की, याच लिव्हरपूलने जून संपण्यापूर्वी फ्रिम्पाँग, व्हिर्ट्झ आणि केर्केझ या तिघांना करारबद्ध करून तत्परतेबद्दल वाहवा मिळविली होती. एकच क्लब एकाच उन्हाळ्यात अत्यंत तत्पर आणि अत्यंत दिरंगाई करणारा ठरतो, तेव्हा लवकर खरेदी करणे हे शहाणपणाचे आणि उशिरा करणे हे गबाळेपणाचे लक्षण, या रूढ समजुतीचा पुन्हा विचार करणे भाग पडते.

ही समजूत तशी फार जुनी नाही. कारण ज्या व्यवस्थेतून ती उपजली ती व्यवस्थाही जुनी नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये मोसम सुरू असताना, मार्चच्या अखेरपर्यंत, खेळाडूंची देवघेव चालू असे. १९९५ साली युरोपीय न्यायालयाने बोस्मान खटल्यात निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूवरचा जुन्या क्लबचा हक्क संपुष्टात आला. त्यानंतर युरोपीय आयोग आणि फुटबॉलच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन २००१ साली तडजोड झाली आणि २००२-०३ च्या मोसमापासून वर्षातून दोनच वेळा, उन्हाळ्यात आणि मध्य हिवाळ्यात, नोंदणीची दारे उघडावयाची असे ठरले. यालाच 'ट्रान्स्फर विंडो' म्हणतात. खेळाडूला हालचालीचे स्वातंत्र्य मिळावे, पण मोसमाच्या मध्यावर संघ विस्कटू नयेत, असा या खिडकीमागील हेतू होता. मुदत ठेवली की माणसे मुदतीच्या अखेरीस धावपळ करतात, ही गोष्ट प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणाऱ्या कोणाही गृहस्थाने त्या मुत्सद्द्यांना सांगितली असती. आता तर अखेरच्या दिवसाचा उत्सवच झाला आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर घड्याळ लावले जाते आणि मैदानांच्या फाटकांबाहेर वार्ताहर उभे राहतात. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोलकात्याच्या मैदानावर एकेकाळी दलबदलाच्या दिवसांत खेळाडूंना प्रतिस्पर्धी क्लबच्या माणसांपासून लपवून ठेवण्याच्या कथा जुने क्रीडारसिक अजूनही चवीने सांगतात.

लवकर खरेदी करण्याचा लाभ कोणता, हे आधी नीट पाहिले पाहिजे. जुलै महिन्यात संघ सरावासाठी एकत्र येतो. त्या पाच-सहा आठवड्यांत प्रशिक्षक आपली रचना बसवितो, नवा खेळाडू सोबत्यांच्या सवयी ओळखतो, परदेशातून आला असेल तर घर, शाळा, भाषा यांची घडी बसवितो. एकदा मोसम सुरू झाला की आठवड्यातून दोन-दोन सामने असतात आणि शिकविण्यास वेळ उरत नाही. मँचेस्टर सिटीने २०२२ साली एर्लिंग हालांड याला घेण्याचे १० मे रोजी, म्हणजे आदला मोसम संपण्यापूर्वीच, जाहीर केले. त्याच्या करारात ठराविक रकमेस मुक्त करण्याचे कलम होते. ती रक्कम, सुमारे ५ कोटी १० लाख पौंड, भरण्याची तयारी दाखविताच घासाघिशीचा प्रश्न मिटला. पुढील मोसमात हालांडने लीगमध्ये ३६ गोल करून विक्रम केला आणि सिटीने तीन प्रमुख चषक पटकावले. लवकर खरेदीच्या पुरस्कर्त्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही.

परंतु मला अधिक बोधक वाटते ते फाबिन्योचे उदाहरण. २६ मे २०१८ रोजी लिव्हरपूलचा संघ कीव्ह येथे चँपियन्स लीगचा अंतिम सामना हरला आणि दोनच दिवसांनी मोनाकोच्या या ब्राझिलियन मध्यरक्षकाशी करार झाल्याचे क्लबने जाहीर केले. यापेक्षा लवकर आणखी काय करावयाचे? तरीही लीगच्या सामन्यात त्याला सुरुवातीपासून मैदानात उतरविण्यास प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी ऑक्टोबर उजाडू दिला. नव्या पद्धतीत कोठे उभे राहावे, केव्हा धावावे आणि केव्हा थांबावे, हे मुरण्यास पाच महिने लागले. पुढे मात्र तो संघाचा कणा बनला आणि लिव्हरपूलने २०१९ मध्ये युरोपचे आणि २०२० मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. तोच खेळाडू ३१ ऑगस्टला आला असता तर हे पाच महिने जानेवारीअखेरपर्यंत गेले असते. लवकर येणाऱ्याला मिळतो तो वेळ. त्या वेळाचे काय करावयाचे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो लाभतो. २०२५ साली जूनमध्येच आलेल्या व्हिर्ट्झसाठी लिव्हरपूलने दहा कोटी पौंड आणि वर अटींवर अवलंबून असलेली रक्कम कबूल केली, पण लीगमधील त्याचा पहिला गोल पाहण्यास २७ डिसेंबर उजाडावा लागला.

दिरंगाईची किंमत पौंडांत मोजून दाखविणारी उदाहरणेही आहेत. २०१३ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मोझ मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक झाले. ते एव्हर्टनहून आले होते आणि त्यांना हवा असलेला मारुआन फेलाइनीही एव्हर्टनचाच. खेळाडूची नव्याने ओळख करून घ्यावयाची होती असे नव्हे. सुमारे २ कोटी ३५ लाख पौंडांत त्याला मुक्त करण्याचे कलम ३१ जुलैपर्यंत लागू होते. ती तारीख युनायटेडने जाऊ दिली आणि २ सप्टेंबरच्या रात्री त्याच खेळाडूसाठी पावणेतीन कोटी पौंड दिले. चाळीस लाख पौंड केवळ दिनदर्शिकेकडे न पाहिल्याबद्दलचा दंड! आदल्या वर्षीचा विजेता संघ त्या मोसमात सातवा आला आणि एप्रिलमध्येच मोझ यांची गच्छंती झाली. अर्थात त्याची कारणे फेलाइनीपुरती मर्यादित नव्हती.

कित्येकदा तर पैसे तयार असूनही घड्याळ आडवे येते. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी युनायटेडचा गोलरक्षक दे हेआ याचा रेआल माद्रिदशी ठरलेला सौदा कागदपत्रे वेळेत न पोहोचल्यामुळे बारगळला. दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखविले आणि दे हेआ पुढे २०२३ पर्यंत मँचेस्टरमध्येच राहिला. २०१७ साली लेस्टर सिटीने लिस्बनच्या आद्रियेन सिल्वासाठी भरलेली कागदपत्रे १४ सेकंद उशिरा पोहोचली. जागतिक संघटनेने नोंदणी नाकारली आणि लेस्टरकडून खेळण्यासाठी सिल्वाला जानेवारीपर्यंत ताटकळावे लागले. ऐन उमेदीतला चार महिन्यांचा खेळ गेला तो त्याचा; कागद वेळेवर पाठविण्याचे काम मात्र त्याचे नव्हते.

हे सर्व खरे धरूनही उलट बाजूचा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. वेन रूनी ३१ ऑगस्ट २००४ रोजी, अगदी अखेरच्या दिवशी, मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने फेनरबाचेविरुद्ध तीन गोल केले. २८ ऑगस्ट २०११ रोजी आर्सेनलने युनायटेडकडून ८-२ असा मार खाल्ला. फाब्रेगास आणि नासरी त्याआधीच विकले गेले होते, संघ उघडा पडला होता. पुढील तीन दिवसांत व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी घाईघाईने पाच खेळाडू गोळा केले. वृत्तपत्रांनी त्यांची टर उडविली. त्या पाचांत पेर मेर्टेसाकर आणि मिकेल आर्टेटा होते. संघ त्या मोसमात तिसरा आला, दोघेही पुढे क्लबचे कर्णधार झाले, आणि आर्टेटाने तर २०१९ च्या डिसेंबरात त्याच क्लबच्या व्यवस्थापकपदाची सूत्रे हाती घेतली. टॉटनहॅमची कथा आणखी वेगळी. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एकही खेळाडू घेतला नाही. तोवर प्रीमियर लीगमध्ये असे कोणी केले नव्हते. त्याच मोसमात तो संघ लीगमध्ये चौथा आला आणि चँपियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. लिव्हरपूलने व्हर्जिल व्हान डाइकचा नाद २०१७ च्या जूनमध्ये साउथॅम्प्टनची जाहीर माफी मागून सोडला होता. तो मिळेना म्हणून त्यांनी दुसरा कोणी उचलला नाही, सहा महिने थांबले आणि जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंड देऊन त्यालाच आणले. ही खरेदी उशिराची म्हणावयाची की दूरदृष्टीची?

माझ्या मते प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. लवकर खरेदी करणे हे सद्गुणापेक्षा परिस्थितीवर अधिक अवलंबून असते. पुढील वर्षी आपण कोणत्या स्पर्धेत खेळणार हे ज्याला मार्चमध्येच ठाऊक आहे, ज्याच्या तिजोरीत रोकड आहे, ज्याला खरेदीसाठी आधी काही विकावे लागत नाही, तो क्लब मे महिन्यात सौदा करू शकतो. दुसऱ्या श्रेणीतून बढतीच्या अखेरच्या सामन्यात जिंकून मेच्या शेवटच्या आठवड्यात वर येणाऱ्या क्लबला हे भाग्य नसते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या लागोपाठच्या दोन मोसमांत नव्याने वर आलेले तिन्ही क्लब पुन्हा खाली फेकले गेले, याचे हेच एक कारण नसले तरी हेही एक कारण आहे. म्हणून संडरलंडचे कौतुक करावयास हवे. २४ मे २०२५ रोजी वेंब्लीवर शेफील्ड युनायटेडला हरवून हा संघ वर आला. जूनच्या आरंभीच त्यांनी जोब बेलिंगहॅमला डॉर्टमुंडला विकले, त्या पैशाने बाजारात आघाडीला उभे राहिले आणि जुलै संपता संपता ग्रानिट झाकासारखा मुरब्बी मध्यरक्षकही मिळविला. १६ ऑगस्टला पहिल्याच सामन्यात त्यांनी वेस्ट हॅमचा ३-० असा पराभव केला. खरेदी लवकर झाली ती विक्री लवकर झाली म्हणून, हा मुद्दा येथे नजरेआड होऊ नये.

या बाजारात प्रत्येक सौदा दुसऱ्या सौद्यात अडकलेला असतो. २०२५ च्या ऑगस्टमधील साखळी पाहावी. इसाकला लिव्हरपूलला जावयाचे होते; त्याने न्यूकॅसलकडून खेळणे थांबविले. न्यूकॅसल त्याला सोडण्यास तयार नव्हते, कारण त्याच्या जागी कोणी नव्हते. त्यांची नजर ब्रेंटफर्डच्या योआन विसावर होती. ब्रेंटफर्ड विसाला सोडीना, आणि विसाही ब्रेंटफर्डच्या संघाबाहेर बसून राहिला. दरम्यान मोसम सुरू झाला. न्यूकॅसलने इसाकविना लीगचे तीन सामने खेळले. अॅस्टन व्हिला आणि लीड्सविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. तिसरा सामना ज्या लिव्हरपूलशी हा वाद चालू होता त्याच लिव्हरपूलविरुद्ध. तो ३-२ असा गमावला. विकत घेऊ पाहणारा आणि विकण्यास नकार देणारा असे दोन्ही पक्ष, वादाचा विषय असलेला खेळाडू घरी बसलेला असताना, गुणांसाठी एकमेकांशी झुंजतात, यात खेळाचे कोणते नीतिशास्त्र पाळले जाते हे एखाद्या जाणकाराने सांगावे. अखेर स्टुटगार्टहून वोल्टेमाडे, ब्रेंटफर्डहून विसा असे दोघे तीन दिवसांत न्यूकॅसलला आले आणि मग इसाक सुटला. सरावावाचून आलेल्या इसाकला लीगमधील पहिला गोल ३० नोव्हेंबरला करता आला, आणि डिसेंबरात त्याचा पाय मोडला. विसा गुडघ्याच्या दुखापतीमुळे डिसेंबरपर्यंत न्यूकॅसलच्या मैदानात उतरू शकला नाही. लिव्हरपूल सप्टेंबरच्या अखेरीपासून लीगमधील लागोपाठ चार सामने हरले. दुखापती दैवाधीन म्हटल्या तरी या साखळीतल्या कोणत्याही क्लबला त्या शरद ऋतूत सुख लाभले नाही.

त्यात आता हिशेबनिसांची भर पडली आहे. प्रीमियर लीगच्या आर्थिक नियमांनी तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून अधिक तोटा दाखविण्यास मनाई केली आणि बहुतेक क्लबांचे वर्ष ३० जूनला संपते. त्यामुळे खऱ्या बाजाराआधी जूनच्या अखेरीस एक दुसराच बाजार भरू लागला. क्लबने स्वतः घडविलेला तरुण विकला की जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून मांडता येते. विकत घेतलेल्याची किंमत मात्र कराराच्या वर्षांवर विभागता येते. २०२४ च्या जूनमध्ये व्हिला, एव्हर्टन आणि चेल्सी यांनी आपापसांत तरुण खेळाडूंची जी अदलाबदल केली, ती बहुतांशी याच गणिताने. न्यूकॅसलने एलियट अँडरसन या आपल्याच गावच्या पोराला त्याच सुमारास नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकले. ही 'लवकर' झालेली कामे आहेत खरी. पण त्यांत संघबांधणीचा विचार किती आणि ताळेबंदाचा किती?

फॉरेस्टला स्वतःला याच तारखेने आदल्या वर्षी पेचात धरले होते. २०२३ साली त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन हा विकण्याजोगा खेळाडू होता. ३० जूनपूर्वी विकला असता तर तोट्याचे गणित सुधारले असते, परंतु भाव कमी आला असता. ते थांबले आणि १ सप्टेंबरला टॉटनहॅमने त्याच्यासाठी पावणेपाच कोटी पौंड दिले. व्यापारी म्हणून हा निर्णय अचूक होता. नियमाच्या दृष्टीने मात्र ही रक्कम पुढील वर्षात गेली, ६ कोटी १० लाखांची त्यांची मर्यादा ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली गेली, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांचे चार गुण कापण्यात आले. अधिक भाव मिळावा म्हणूनच थांबलो, हा युक्तिवाद आयोगाने मान्य केला नाही. फॉरेस्ट त्या वर्षी कसेबसे तरले. श्रीमंत गिऱ्हाइकाला थांबणे परवडते, गरजू विक्रेत्याला परवडत नाही, हा कोणत्याही बाजाराचा नियम आहे. येथे तो गुणतक्त्यावर लिहिला गेला इतकेच.

या सगळ्यात ज्याला कोणी विचारीत नाही तो प्रेक्षक. पुढील मोसमाच्या तिकिटांचे पैसे इंग्लंडमधील क्लब सामान्यतः वसंतातच गोळा करतात. संघात कोण असेल हे त्या वेळी कोणासही ठाऊक नसते. ऑगस्टमध्ये तो ज्या संघाला पाहावयास येतो तो सप्टेंबरात तसाच राहील याची हमी नाही. पहिल्या तीन सामन्यांचे गुण मात्र मेमध्ये शेवटच्या तीन सामन्यांइतकेच मोजले जातात.

यावर उपाय सुचलेला नाही असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी मोसमाचा पहिला सामना होण्यापूर्वीच उन्हाळी खरेदी थांबविण्याचा ठराव केला. त्याप्रमाणे २०१८ साली ९ ऑगस्टला आणि २०१९ साली ८ ऑगस्टला मुदत संपली. इटलीनेही २०१८ मध्ये असाच प्रयोग केला. परंतु स्पेन आणि इतर देशांनी आपली दारे महिनाअखेरपर्यंत उघडी ठेवली. परिणामी इंग्लंडच्या क्लबांवर ऑगस्टचे तीन आठवडे खेळाडू गमावण्याची वेळ येऊ शके, पण त्याच्या जागी दुसरा घेण्याची सोय नसे. इटलीने एका वर्षात आणि इंग्लंडने २०२० मध्ये माघार घेतली. मुदत अलीकडे आणली तर धावपळही अलीकडे येईल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण ती धावपळ गुण मोजण्यास सुरुवात होण्यापूर्वी होईल, आणि गुणांसाठी खेळण्याऐवजी घरी बसून सौदा घडवून आणण्याचे शस्त्र खेळाडूच्या किंवा मोठ्या क्लबच्या हाती राहणार नाही. त्यासाठी युरोपातील पाच प्रमुख लीगांनी एकच तारीख, पहिल्या सामन्याच्या आधीची, स्वीकारावयास हवी. ती ठरविण्यास युरोपीय संघटनेपुढे तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अडचण आहे ती क्लबांच्या स्वार्थाची. २०१७ च्या त्या मतदानात १४ क्लब ठरावाच्या बाजूने होते आणि एक तटस्थ राहिला. विरोधात मत देणाऱ्या पाचांत मँचेस्टरचे दोन्ही धनाढ्य क्लब होते, यात आश्चर्य नाही. त्या पाचांत क्रिस्टल पॅलेसही होता.